काळ्या अभ्रकाचा पत्ता

अण्णा सबनीस सोसायटीच्या मीटिंगहून घरी आले तेव्हा त्यांची तीस वर्षं गॅलरीत जुन्या चादरीवर वाळत पडली होती.

त्रेसष्ट दगड. ओळीने मांडलेले, न्हाऊ-माखू घातलेले, आणि असे काही चमकत होते की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने पडदा ओढून घेतलेला. शुभदाताई पदराला हात पुसत शेजारी उभ्या होत्या. बावीस वर्षं त्यांच्याकडे भांड्याला येणारी भीमाबाई खाली बसून काथ्या पिळत होती.

"बघा," शुभदाताई म्हणाल्या, "ओळखू तरी येतायत का?"

अण्णांनी पहिला दगड उचलला. उलटा केला. खाली ठेवला. दुसरा उचलला, उलटा केला. पाचव्या दगडापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"यांच्यावर एकेक पांढरा ठिपका होता," ते म्हणाले.

"होता ना. सगळ्यांवर होते. मागे रंगकाम काढलेलं तेव्हा उडालेले डाग."

"काथ्याने जाता जाईनात," भीमाबाई अभिमानाने म्हणाली. "मग मी ब्लेड घेतलं."

अण्णा कपडे वाळत घालायच्या स्टुलावर बसले. स्टूल तीन पायांचं उरलेलं, त्यामुळे त्यांना बसल्याबरोबर परत उठावं लागलं. एरवी ते स्टुलाला चार शब्द सुनावायचे. आज त्यांनी तेही केलं नाही, आणि तेव्हा कुठे शुभदाताईंना कळलं की काहीतरी झालंय.

झालं होतं ते असं. अण्णा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दर मे महिन्यात, लोक महाबळेश्वरला जायचे तेव्हा, ते गाडी बदलत बदलत झारखंडात जायचे. तेव्हा त्याला बिहार म्हणायचे. तिथल्या डोंगरात अभ्रकाच्या खाणी. खाणवाले पांढरा, काचेसारखा अभ्रक काढायचे आणि त्याच्यासोबत निघालेला काळा कचरा म्हणून दरीत ढकलून द्यायचे. अण्णा दरीत उतरायचे आणि कचरा बॅगेत भरून डोंबिवली पूर्वेच्या घरी आणायचे. "माणसं काशीहून गंगा आणतात," शुभदाताई माहेरी सांगायच्या, "आमच्याकडे डबर येतं."

पण डबर आलं की अण्णा एक काम देवपूजेसारखं करायचे. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने बारीक आकडा, आणि त्या आकड्यासमोर वहीत पत्ता: कोणती खाण, किती उंचीवर, कोणत्या थरातला. वर्गात ते दरवर्षी एकच वाक्य फळ्यावर लिहायचे. पत्ता नसलेला दगड हा फक्त दगड असतो. पोरं ते वाक्य वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत भलतीकडेच लिहायची.

अलीकडे ठिपक्यांवरची शाई पिवळी पडून पुसट झालेली. पण अण्णांना भिंगातून दिसायची. वही अजून होती, चांगली पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकच्या कव्हरात. वहीत त्रेसष्ट पत्ते होते. गॅलरीत त्रेसष्ट दगड होते. मधला पूल तेवढा भीमाबाईने ब्लेडने काढला होता.

"तुला कोणी सांगितलं होतं धुवायला?" अण्णा इतक्या हळू म्हणाले की ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कोणी सांगायला लागतं? परवा देवयानी न्यायला येणार. म्हणजे परक्या घरी जाणार. आपल्या घरातून वस्तू जायची तर घासून जावी. शेजारणीचा डबासुद्धा मी कधी खरकटा दिला नाही, आणि हे तर म्युझियम."

"रिकामाही देत नाहीत बाई," भीमाबाईने दुजोरा दिला. "खोक्यात काय घालायचं ते मघाशी बोलत होतो आम्ही."

बिल्डिंग पाडायला निघालेली. सोमवारी किल्ल्या बिल्डरच्या माणसाकडे द्यायच्या आणि भाड्याच्या दीड खोलीत जायचं. त्या दीड खोलीत काय काय जाणार याची यादी शुभदाताईंनी केली होती, आणि दगड तिच्यात नव्हते. ते एकतर रविवारी अकरा वाजता देवयानीच्या टेम्पोत चढणार होते, नाहीतर सोमवारी डेब्रिजच्या ट्रकमध्ये. तिसरी गाडी नव्हती.

देवयानी अण्णांची विद्यार्थिनी. आता ठाण्यातल्या एका नव्या विज्ञान संग्रहालयात खनिज विभाग बघायची. तिला खरं तर त्रेसष्टमधले अकराच हवे होते. एकतीस ते एक्केचाळीस नंबरचे, वरच्या खाणीतले. ती खाण पुढे ढासळली, पाण्याने भरली, आता तिथे कोणी जाऊ शकत नाही. आणि अण्णांनी एका परिषदेत उभं राहून सांगितलेलं की खालच्या खाणीतला काळा अभ्रक हिरवट असतो आणि वरच्या खाणीतला तांबूस, म्हणजे डोंगराच्या पोटात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्यात. समोरचे मोठे लोक हसलेले. एकाने विचारलं होतं, "सर, गॉगल घालून गेलेलात का?" ते हसू अण्णांच्या कानात अजून होतं. हे अकरा दगड म्हणजे त्या हसण्याला उत्तर होतं. जगात दुसरीकडे कुठे ते उत्तर नव्हतं.

"मग सोपं आहे की," सगळं ऐकून शुभदाताई म्हणाल्या. "तांबूस ते वरचे. निवडा."

अण्णांनी भिंग घेतलं. प्रत्येक दगडाचा एक पापुद्रा नखाने उचकटून उजेडाला धरायला सुरुवात केली. काळा अभ्रक वरून काळा दिसतो, रंग कळतो तो पातळ पापुद्र्यातून. बारा वाजता त्यांना सगळे तांबूस दिसले. दुपारी जेवून आल्यावर सगळे हिरवट. चार वाजता उन्हं कलली तेव्हा एकच दगड डाव्या डोळ्याला तांबूस आणि उजव्याला हिरवट दिसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि ऑपरेशन शिफ्टिंगनंतर करू म्हणून ठेवलेलं.

"मला तर सगळे सारखेच दिसतात," शुभदाताई म्हणाल्या.

"तुला कळत नाही त्यातलं."

"तुम्हाला कळतं. दिसत नाहीये."

अण्णांनी भिंग मिटलं. खरी भीती त्यांनी बायकोला सांगितली नाही. तो फरक कधी होता तरी का? की एका उन्हाळ्यात, एका उतारावर, पस्तिशीतल्या एका माणसाला काहीतरी शोधून काढायचंच होतं, म्हणून तो दिसला?

मग मुलाला फोन लावला. मुकुल ठाण्याला घोडबंदर रोडवर राहायचा आणि वडिलांच्या प्रत्येक संकटावर त्याच्या फोनमध्ये औषध असायचं.

"अण्णा, टेन्शन कशाला घेताय? लॉकडाऊनमध्ये मी फोटो काढलेले ना. एकेका दगडाचा. नंबरसकट."

अण्णांच्या जिवात जीव आला. वीस मिनिटांनी व्हॉट्सॲपवर त्रेसष्ट फोटो आले. सुंदर फोटो. दगड गुळगुळीत, तेजस्वी, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. ठिपका एकावरही नव्हता.

"अरे, ठिपके कुठे गेले?"

मुकुलने पलीकडे एक फोटो मोठा करून बघितला. "अण्णा, तो तुमच्या सुनेचा, दक्षताचा फोन होता. तिचा ब्युटी मोड ऑन असतो कायम. तो डाग काढतो."

"दगडाचे?"

"त्याला काय माहीत दगड आहे. गोरं नाही केलं हेच नशीब."

अण्णांनी फोन ठेवला. या घरात माणसांपासून फोनपर्यंत सगळ्यांना स्वच्छतेची आवड होती.

शनिवारी सकाळी दारात "शुभाताय, मुशी हाय" अशी हाक आली आणि अण्णांना आशेचा दुसरा झटका बसला. मनुबाई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मनुबाई तीस वर्षं सबनिसांच्या दारात टोपली उतरवायची. सीकेप्यांचं घर, त्यामुळे तिचं येणं देवाच्या येण्याइतकंच मानाचं. पण अण्णांचं लक्ष आज माशांकडे नव्हतं. टोपलीच्या बाजूला वजनाचा इलेक्ट्रिक काटा होता.

वहीत वजनं होती. प्रत्येक दगडाचं ग्रॅममध्ये वजन अण्णांनी कॉलेजच्या तराजूवर करून लिहिलं होतं. घासण्यात थोडं गेलं असणार, पण उतरत्या क्रमाने लावले तर वहीशी जुळवता येतील. इतकी साधी गोष्ट काल का सुचली नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला आणि मनुबाईला आत बोलावलं.

"दगड तोलायचं?" मनुबाईने आधी अण्णांकडे, मग शुभदाताईंकडे बघितलं. "तब्येत बरी हाय ना यांची?"

"नाही," शुभदाताई म्हणाल्या. "पण तू तोल."

मनुबाईने पदर खोचला आणि फतकल मारून बसली. काटा माशांचा, त्यामुळे पाच ग्रॅमच्या खाली त्याला काही समजत नव्हतं, पण अण्णांना तेवढं पुरत होतं. ती दगड ठेवायची, आकडा सांगायची, अण्णा डोळे बारीक करून कागदावर लिहायचे, आणि ती दगड उचलून बाजूला लावायची. "जडापासून हलक्याकडे लाव गं," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ती "व्हय व्हय" म्हणाली होती. हात असा सफाईदार चाललेला की बघत राहावं. मध्येच एखादा दगड हुंगून बघायची, नाक मुरडायची. दीड तासात त्रेसष्ट झाले.

"झालां," मनुबाई उठली. "अन्ना, बघ आता."

अण्णांनी कागदावरून मान वर केली. जमिनीवर सहा ढीग होते. देखणे, एकसारखे. प्रत्येक ढिगात तळाला दोन मोठे, मध्ये मध्यम, आणि वर शोभेला दोन-तीन छोटे, चमकती बाजू गिऱ्हाइकाकडे करून.

"हे काय केलंस?"

"वाटे लावले."

"मी रांग लाव म्हटलं होतं ना, जडापासून हलक्याकडे."

"असं कसं लावणार?" मनुबाईला प्रश्नच कळला नाही. "मग पयल्याला सगले मोठे आनि शेवटल्याला चिंबोऱ्यांची पिल्लां? भांडनं होतील रं. वाटा सारखा लागतो. बघ, वजनाला कमी-जास्त नाय."

तिची खरंच चूक नव्हती. सात वर्षांची असल्यापासून तिच्या हाताला जमिनीवर ढीग दिसला की तो समान वाटण्याची सवय. कान "व्हय" म्हणाले होते, हातांना निरोप पोचला नव्हता. अण्णांच्या कागदावर त्रेसष्ट आकडे होते, पण कोणता आकडा कोणत्या दगडाचा ते पुन्हा कोणालाच माहीत नव्हतं. परत तोलायला काटा हवा, आणि काट्याला बाजारात जायचं होतं.

"उद्या आणू काय?"

"उद्या किती वाजता?"

"मासली इकून. बारा-एक."

देवयानी अकराला येणार होती. मनुबाईने टोपली डोक्यावर घेतली, जाता जाता म्हणाली, "येवढं काय त्यात? मासली कंच्या खाडीची ते मी तोंड बघून सांगते. तुझेच दगड ना? तुला वलखत नाय?" आणि जिना उतरून गेली.

अण्णा ढिगांसमोर बसून राहिले. दहा, दहा, दहा, अकरा, अकरा, अकरा. त्यांनी पुन्हा मोजले. चौथ्या वाट्यात अकरा दगड. वरच्या खाणीचे दगड अकरा.

नोकरीभर ज्या माणसाने विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत "अंदाजे" हा शब्द दिसला की अख्खं पान फाडलं, त्या माणसाने दाराकडे एकदा बघितलं. शुभदाताई ओट्यापाशी मुशी धूत होत्या. अण्णांनी कागदाच्या अकरा चिठ्ठ्या कापल्या, एकतीस ते एक्केचाळीस आकडे लिहिले, आणि चौथ्या वाट्यातल्या दगडांखाली एकेक सरकवली. मोठ्याखाली एकतीस, छोट्याखाली एक्केचाळीस. एकही आकडा वाकडा आला नाही. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. मग ते मुशीचं कालवण आणि भात जेवले आणि आडवे झाले. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोप लागली.

ते झोपलेले असताना शुभदाताईंनी चिठ्ठ्या बघितल्या.

त्यांना वाटलं, सापडले. नवऱ्याला त्याचे अकरा सापडले. कालपासून त्यांच्या स्वतःच्याही घशाखाली घास उतरत नव्हता, आणि ते सांगायची या घरात पद्धत नव्हती. आता आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरायचं, असं त्यांनी ठरवलं. पुन्हा कोणी धुतलं, घासलं, ब्लेड लावलं तरी जाणार नाहीत असे नंबर टाकायचे. आणि न जाणारी अक्षरं कशी टाकतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? घरातल्या एकूणएक भांड्यावर नाव होतं. चमच्यावरसुद्धा.

त्यांनी अकरा दगड चिठ्ठ्यांसकट दोन पिशव्यांत भरले आणि स्टेशनजवळच्या भांड्याच्या दुकानात गेल्या. तिथे साईनाथ दाराशी स्टूल टाकून भांड्यांवर नावं घालायचा. हातात पेनासारखं मशीन, ते घुर्रर्र करत चालायचं आणि स्टीलवर मोत्यासारखी अक्षरं उमटायची.

"काकू, दगडावर?" साईनाथ म्हणाला. "पाटा-वरवंटा नाही ना?"

"म्युझियमला द्यायचेत."

"मग देणगीच झाली." तो खूश झाला. लग्नं, मुंजी, वास्तुशांती करून हात कंटाळलेला. "काय घालू?"

"या चिठ्ठ्यांवरचे नंबर. ज्याचा त्याला."

आता साईनाथच्या हाताचंही मनुबाईच्या हातासारखंच होतं. द्यायची वस्तू समोर आली की त्याचं मशीन आपोआप एकाच वाटेने जायचं. आधी देणाऱ्याचं नाव, मग "यांजकडून", मग तारीख, आणि काही जास्तीचं असेल तर सगळ्यात शेवटी. त्याने एकतीसच्या चिठ्ठीवाला दगड मांडीवर घेतला आणि "श्री. अण्णा सबनीस" असं सुरू केलं. मशीन थडथडलं. "सबनीस"मधल्या "नी"ला दगडाचा वरचा पापुद्रा अलगद सुटून साईनाथच्या चपलेवर पडला. त्याने खालच्या थरावर नव्याने सुरुवात केली. तोही सुटला. अभ्रक म्हणजे वहीच ती. हलवलं की पान उलटतं.

"काकू, माल हलका आहे," साईनाथ म्हणाला आणि नेट लावून बसला.

शुभदाताई तोपर्यंत समोर कोथिंबीर घ्यायला गेलेल्या. परत आल्या तेव्हा पाच दगडांची पानं झाली होती. कशावर "श्री. अण्", कशावर "बनीस", कशावर नुसतं "यांज". नंबर एकावरही नव्हता, कारण नंबरची पाळी यायच्या आतच दगड संपत होता.

"तिसऱ्यापर्यंत वाटलं, हात बसेल," साईनाथ खालमानेने म्हणाला. "मग इगोवर गेलं." त्याने सगळे पापुद्रे गोळा करून एका नव्या स्टीलच्या डब्यात घातले आणि भरपाई म्हणून डब्यावर मात्र झकास नाव घालून दिलं: श्री. अण्णा सबनीस यांजकडून.

संध्याकाळी डबा अण्णांच्या हातात पडला तेव्हा त्यांनी आधी नाव वाचलं. झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं.

"बोला तरी," शुभदाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले.

अण्णांना खरं सांगायचं होतं. ते अकरा दगड खरे अकरा नव्हतेच, मी चिठ्ठ्या खोट्या ठेवलेल्या, तू खोट्याचाच चुरा करून आणलास, रडू नकोस. पण तिचं दुःख हलकं करायचं तर स्वतःची लबाडी कबूल करावी लागत होती. त्यांनी तिला रडू दिलं. नंतर कधीतरी त्यांना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

रविवारी बरोबर अकराला देवयानी आली. खाली टेम्पो, हातात टॅब, गळ्यात भिंग. वाकून नमस्कार केला आणि घरभर बांधलेली खोकी बघून म्हणाली, "सर, बरं झालं आधी बोललात. उद्या काहीच राहिलं नसतं."

शुभदाताईंनी कोथिंबीर वड्या पुढे केल्या. अण्णांनी टेबलावर उरलेले सहा दगड मांडले, चिठ्ठ्यांसकट, आणि शेजारी डबा.

"बाकीचे पाच यात आहेत," ते म्हणाले. "थोडे सुटे झालेत."

देवयानीने डब्यावरचं नाव वाचलं, आत बघितलं, "यांज" वाचलं, आणि शिष्य म्हणून काही विचारलं नाही. मग तिने सहा दगड गॅलरीतल्या उजेडात नेले. एकेक पापुद्रा काढून भिंगाखाली धरला. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. शुभदाताई अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवून बघत होता.

बऱ्याच वेळाने देवयानी आत आली. तिचा आवाज पेशंटच्या नातेवाईकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा झालेला.

"सर, रागावू नका. यातले दोन तांबूस आहेत. छान, स्वच्छ तांबूस. पण चार हिरवट आहेत. म्हणजे वरच्या खाणीत दोन्ही मिळत होते. तुम्ही परिषदेत जे म्हणाला होतात, ते..." तिने वाक्य सोडून दिलं. "पण कलेक्शन उत्तम आहे. आम्ही घेतोच आहोत. तुमचं नाव लावू. फक्त माहितीफलकावर लिहावं लागेल की दोन्ही खाणींत फरक आढळला नाही."

अण्णा खुर्चीतून उठले.

"दोन रंग आहेत?"

"हो."

"नक्की? तुला दिसतायत? दोन वेगळे?"

"सर, उघड आहे. शाळेतल्या पोरालाही दिसेल."

तीस वर्षांनी कोणीतरी ते वाक्य म्हटलं होतं. फरक होता. तो डोंगरात होता, उन्हात नव्हता, गॉगलमध्ये नव्हता. अण्णा बरोबर होते. आणि ते चूक आहेत याचा एकमेव पुरावा त्यांनी स्वतः, कात्रीने कापून, स्वतःच्या अक्षरात, दगडांखाली ठेवला होता.

गप्प बसलं तर दगड वाचत होते. टेम्पो खाली उभा होता. फक्त फलकावर कायमचं लिहिलं जाणार होतं की सबनीस सर चुकले, आणि ते खोटं असणार होतं. बोललं तर उद्याचा ट्रक.

"चिठ्ठ्या खोट्या आहेत," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काथ्या, ब्लेड, ब्युटी मोड, वाटे. शुभदाताई "चौथा वाटा" ऐकून हातातली वड्यांची बशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे मी काल उगाचच..." त्या म्हणाल्या आणि पुढे त्यांनी नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्या दीड खोलीत आणखी किती वर्षं राहायला येणार होती, हे अण्णांना कळलं.

"पण ऐक," अण्णा देवयानीचा हात धरून म्हणाले. "सगळे त्रेसष्ट तपास. तांबूस वेगळे काढ. अकरा निघाले की सिद्ध झालं. नेमके अकरा निघाले तर त्याला योगायोग नाही म्हणता येणार."

ती भली पोरगी खाली बसली. तासभर एकेक दगड उजेडाला धरत राहिली. अण्णा मागे उभे राहून मोजत होते, ओठ हलवत, जपासारखं. शाबूत दगड अठ्ठावन्न. त्यातले तांबूस आठ.

"आठ," देवयानी म्हणाली.

"म्हणजे डब्यात तीन हवेत. पाचातले तीन. बघ, डब्यात बघ."

डबा जमिनीवर ओतला. दोन-तीनशे पापुद्रे. तांबूस होते, हिरवट होते, एकमेकांत मिसळून एक झालेले. ते तीन दगडांचे, की दोन, की चारांचे, हे आता डोंगरालाही सांगता आलं नसतं. साईनाथने दगडांचे कागद केले होते आणि कागदांवर अण्णांचं नाव.

"रंगावरून लावू ना," शुभदाताई मध्येच म्हणाल्या. त्यांना अजूनही मदत करायची होती, नजर तशीच ठेवून. "तांबूस ते वरचे असं लिहून टाका."

देवयानीने अण्णांकडे बघितलं. अण्णांनीच उत्तर दिलं, वर्गात द्यायचे तसं.

"रंगावरून पत्ता ठरवायचा आणि मग म्हणायचं पत्त्यावरून रंग ठरतो. अशा पोराला मी नापास करायचो."

खाली हॉर्न वाजला.

"सर," देवयानी म्हणाली, "कॅटलॉगला नाही घेता येणार. पण मुलांच्या विभागात एक स्पर्शपेटी आहे. शाळेच्या सहली येतात. हात लावू द्यायचा, पापुद्रे काढू द्यायचे. मुलांना फार आवडतं. तिथे घेऊ शकते. आत्ता."

"किती टिकतील?"

"सहली किती येतात त्यावर. एक वर्ष. दीड."

अण्णांनी गॅलरीतून खाली बघितलं. उद्याच्या ट्रकची जागा सोडून टेम्पो उभा होता.

"ने," ते म्हणाले.

देवयानीने टॅब काढला. ॲपमध्ये नोंद केल्याशिवाय संग्रहालयात टाचणीसुद्धा जात नाही, असा नियम. खनिज: काळा अभ्रक. नग: अठ्ठावन्न, अधिक एक डबा. मग ती थांबली. तिने तीनदा बोट टेकवलं आणि तीनदा लाल चांदणी उमटली.

"प्राप्तिस्थान विचारतंय. रिकामं ठेवलं तर पुढेच जात नाहीये. 'माहीत नाही' पण घेत नाही. झारखंड टाकू नुसतं?"

"झारखंड कशावरून?" अण्णा म्हणाले. "वही आहे म्हणून? वहीचा आणि दगडांचा संबंध तुटला. मला आठवतं, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. दिसलं तेवढंच लिहावं. तू आज ते कुठे पाहिलेस?"

"इथे."

"मग लिही. डोंबिवली."

देवयानीने टाइप केलं. लाल चांदणी गेली. नकाशा उघडला आणि त्यावर, जिथे शेकडो मैल नुसता काळा कातळ आहे आणि अभ्रकाचा कण सापडायचा नाही, तिथे एक टाचणी टोचली गेली. पुढचा रकाना आला.

"उंची विचारतंय, सर."

"दुसरा मजला."

तिने तेही टाकलं. भीमाबाई आणि टेम्पोवाला खोकी उचलायला लागले. भीमाबाईने उचलता उचलता एका दगडावरचा चिकटलेला पापुद्रा झटकून दगड स्वच्छ केला. अण्णा पुढे झाले, चष्मा कपाळावर सरकवून टॅब डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

"पूर्व लिहिलंस ना?" ते म्हणाले. "नीट बघ. पश्चिमेला नाहीये."